सतरावी मात्रा

गेल्या वर्षापर्यंत आमच्या बी विंगमध्ये एक बुवा राहायचा. बुवा म्हणजे दाढीवाला नव्हे. फायनल इयर मेकॅनिकल, सदैव एक केटी शिल्लक, आणि आंघोळीच्या रांगेत बादली धरून उभ्या उभ्या ताना घेणारा. त्याचं खरं नाव मस्टर सोडलं तर कुठेच वापरात नव्हतं. मी त्याचा तबलजी. रेक्टर सरांनी आम्हाला संध्याकाळी पाच ते सात एवढीच परवानगी दिली होती (परीक्षेच्या काळात तीही नाही), आणि त्या दोन तासांत शेजारच्या खोल्यांतून आमच्याविषयी जे बोललं जायचं ते संपादक मंडळ छापणार नाही.

हा लेख फक्त तबल्याबद्दल आहे असं समजून पान उलटू नका. खोलीत व्यवस्थित येणारी गोष्ट चार लोकांसमोर का फिसकटते आणि त्यावर काय करता येतं, हे मी गेल्या वर्षभरात जरा खोदून काढलं. कारण माझी फिसकटली होती. नुसती माझी असती तर हसून सोडून दिली असती, पण तिच्यासोबत मी बुवाचीही फिसकटवली.

प्रसंग असा. सप्टेंबर महिना, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, शास्त्रीय गायन. बुवाचं शेवटचं वर्ष, म्हणजे शेवटची संधी. त्याला लहानपणी पेटीवर स्वर शिकवले ते त्याच्या वडिलांनी. ते एसटीने सहा तासांचा प्रवास करून आले होते आणि पुढून तिसऱ्या रांगेत पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. राग यमन, मध्यलय तीनताल. बुवाने आलाप झकास केला, बंदिश उचलली, दोन-चार आवर्तनं झाली आणि त्याने माझ्याकडे बघून मान हलवली. म्हणजे, घे, हे आवर्तन तुझं. आमचं तसं ठरलेलंच होतं. तो मुखडा म्हणत राहणार, मी एक तिहाई वाजवणार आणि आम्ही दोघं एकदम समेवर येणार. ही तिहाई मी खोलीत किती वेळा वाजवली असेल? रोज पन्नासदा धरा, महिनाभर.

ज्यांना तालाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं गणित. तीनतालाच्या मात्रा सोळा. पहिली मात्रा म्हणजे सम, सगळ्यांनी मिळून पोचायचं ठिकाण. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवायचा, असा की तिसऱ्या वेळचा शेवटचा 'धा' बरोबर समेवर पडेल. माझा तुकडा साधाच होता: तिट, कत, गदि, गन, धा. पाच मात्रा. मग एक मात्रा गप्प. परत पाच, परत एक गप्प, परत पाच. पाच अधिक एक अधिक पाच अधिक एक अधिक पाच, झाले सतरा. सोळा मात्रांचं आवर्तन संपून सतरावी, म्हणजेच पुढच्या आवर्तनाची सम. एम-थ्री पास झालेल्या माणसाला हे जड जायचं काही कारण नाही.

मी त्या दोन गप्प मात्रा खाल्ल्या. पाच-पाच-पाच, पंधरा. पंधराव्या मात्रेवर मी असा काही दणक्यात 'धा' मारला की मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला, आणि तीच सम समजून पुढे ठेकाही धरला. बुवा त्याच्या खऱ्या समेवर पोचला तेव्हा माझा ठेका तिसऱ्या मात्रेवर होता. पेटीवाला एकदा माझ्याकडे बघतोय, एकदा त्याच्याकडे. चूक माझ्या लक्षात आली तेव्हा ती दुरुस्त करायला मी मध्येच एक उडी मारली आणि होतं तेही घालवलं. बुवा दोन आवर्तनं नुसता चाचपडला. शेवटी त्याने मुखडा सोडून दिला, एक स्वर लांब धरून ठेवला आणि मी ठिकाणावर येईपर्यंत वाट पाहिली. दहा मिनिटांतली दीड-दोन मिनिटं अशी गेली. नंबर आला नाही.

बाहेर आल्यावर त्याच्या वडिलांनी एवढंच विचारलं, "जेवलात का रे पोरांनो?" आणि परतीच्या बसमध्ये बुवा म्हणाला, "होतं रे." शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी तबला-डग्गा कॉटखाली ढकलला, तो तीन आठवडे बाहेर काढला नाही.

पुढचं सगळं सुरू झालं ते मशीन शॉपमध्ये. आमच्या वर्कशॉपमधले एक इन्स्ट्रक्टर सर त्यांच्या गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. लेथवर माझा जॉब अंडरसाइझ झाला म्हणून ते जवळ आले आणि जॉबऐवजी भलतंच बोलायला लागले.

"तुझी तिहाई हुकली म्हणे."

म्हटलं, हो सर.

"रोज किती वाजवायचास?"

"पन्नास वेळा."

"एकामागे एक?"

"हो."

"मग पहिली वाजवायची सवय कधी केलीस? स्टेजवर एक्कावन्नावी नसते रे. पहिलीच असते, आणि एकच असते."

मी तिथे मशीन चालू ठेवून उभा. (त्यावरून पुन्हा बोलणी खाल्ली ती वेगळी.) पण खरंच होतं ते. पन्नासातल्या पहिल्या आठ-दहा माझ्या रोज चुकायच्या. मग हात गरम व्हायचा, लय अंगात भिनायची आणि पुढच्या चाळीस बरोबर यायच्या. मी हिशेब धरायचो तो त्या चाळिसांचा. स्पर्धेत मात्र मागणी होती ती फक्त पहिलीची.

सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. "जॉब बिघडला की तू काय करतोस? मायक्रोमीटर लावून बघतोस ना कुठे गेला ते? की डोळे मिटून पहिल्यापासून नवा रॉड लावतोस?" आपण रियाजात नेमका नवा रॉड लावतो. चुकलं की परत समेपासून. त्यामुळे सुरुवात घोटून घोटून गुळगुळीत होते आणि अडणारी जागा अडतच राहते.

योगायोगाने त्याच सेमिस्टरला माझा सेमिनार होता, विषय 'यंत्र हाताळताना होणाऱ्या मानवी चुका'. लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर मटेरियल शोधताना वाद्य वाजवणाऱ्यांवरचे प्रयोग सापडत गेले आणि सेमिनार बाजूला राहून मी तेच वाचत बसलो. (गाइड सरांनी हे वाचू नये.)

त्यातला मला सगळ्यात पटलेला प्रयोग अमेरिकेतल्या टेक्सासचा, २००९ सालचा. पियानो शिकणाऱ्या सतरा विद्यार्थ्यांना शोस्ताकोविचच्या एका कॉन्चेर्टोमधला तीन मापांचा अवघड तुकडा दिला. हवा तेवढा वेळ बसवा, उद्या वाजवून दाखवा. कोण किती वेळ बसला, कोणी किती वेळा वाजवला, सगळं मोजलं. दुसऱ्या दिवशी ज्यांनी उत्तम वाजवलं ते जास्त वेळ बसलेलेही नव्हते आणि जास्त वेळा वाजवलेलेही नव्हते. फरक होता तो चुकीशी कसं वागले यात. चांगले वाजवणारेही सुरुवातीला चुकलेच, पण चूक नेमकी कुठे आणि कशामुळे होते ते त्यांनी लगेच हुडकलं, तेवढ्याच जागी लय उतरवली, ती जागा बसेपर्यंत सोडली नाही, आणि मग लय वाढवली. बाकीचे चुकीवरून पुढे पळाले किंवा पुन्हा पहिल्यापासून निघाले. म्हणजे आमचे वर्कशॉपचे सर जे म्हणाले तेच, फक्त पियानोवर.

दहा हजार तासांची गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. कुठल्याही कलेत तरबेज व्हायला तेवढे तास लागतात वगैरे. तिचं मूळ १९९३ सालच्या एका अभ्यासात आहे. अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनमध्ये व्हायोलिन शिकणाऱ्यांचा रियाज मोजला होता. सर्वोत्तम गटाची विसाव्या वर्षापर्यंतची बेरीज सरासरी दहा हजार तासांच्या आसपास आली. सरासरी, बरं का. पास व्हायचे मार्क नव्हेत. २००८ मध्ये माल्कम ग्लॅडवेलच्या पुस्तकाने तो आकडा जगभर नेला आणि तो नियम होऊन बसला. २०१९ मध्ये असाच अभ्यास पुन्हा झाला तेव्हा 'चांगले' आणि 'सर्वोत्तम' यांच्या तासांमध्ये तसा फरकच दिसला नाही. तेव्हा तास लागतात हे खरं, पण नुसते तास मोजून काही कळत नाही. मी स्वतः महिनाभर रोज पन्नासदा मोजलेलाच होतो की.

तर मी काय केलं ते सांगतो. आधी माझी चूक हुडकली. बोल बरोबर होते, बोटं बरोबर होती. बिघडत होती ती गप्प मात्रा. हात मोकळा असला की मला राहवत नाही, पुढच्या 'तिट'वर झडप घालतो. मग महिनाभर मी तबला कमी आणि पढंत जास्त केली. पढंत म्हणजे हाताने टाळी-खाली देत बोल तोंडाने म्हणणं. गप्प मात्रेवर आवाज न करता एक श्वास आत. मेसच्या रांगेत, बसमध्ये, एकदा तर फ्लुइड मेकॅनिक्सच्या लेक्चरलाही. पढंतीत एक फायदा असा की बोटांची सवय मदतीला येत नाही, त्यामुळे डोक्यात आकडा नसेल तर लगेच उघडं पडतं. शिवाय रेक्टर सरांच्या परवानगीची गरज नाही. आमच्या तबल्याच्या क्लासमध्ये बाई लहानपणापासून कानीकपाळी ओरडत होत्या की आधी तोंडात बसव, मग हातात. ते त्या आम्हाला छळायला म्हणतात असं मला मध्यमेची परीक्षा होईपर्यंत वाटत होतं.

मग लय. मोबाइलवर लेहऱ्याचं ॲप लावून निम्म्या लयीत. निम्म्या लयीत ती गप्प मात्रा इतकी लांब वाटते की जीव कासावीस होतो. पण तिथेच खरं काम होतं. तीनदा बरोबर आली की लय किंचित वर, चुकली की किंचित खाली.

आणि दिवसातून एकदा 'पहिली'. प्रॅक्टिकलवरून आलो की बूटसुद्धा न काढता, हात गार असताना, एकदाच वाजवायची. आली तर कॅलेंडरवर बरोबरची खूण, नाही तर फुली. पुन्हा वाजवायला त्या वेळी बंदी. पहिल्या आठवड्यात सातपैकी दोन आल्या. खोलीतले चाळीस बरोबरवाले आकडे किती खोटे होते ते तेव्हा कळलं. तुमच्यातले जे सॉल्व्हड पेपर समोर ठेवून "येतंय, येतंय" म्हणतात त्यांनीही हे करून बघावं. पुस्तक मिटून, एकदाच.

पन्नासदा तेच वाजवायचंही सोडलं. तिहाई, मग कायद्याचा एक पलटा, मग ठेका, मग पुन्हा तिहाई, असं मिसळून. असं केल्यावर त्या दिवशी वाईट वाजतं, हे आधीच सांगून ठेवतो. १९७९ मध्ये शे आणि मॉर्गन या दोघांनी हाताच्या हालचालींवर केलेल्या प्रयोगात हेच दिसलं होतं: एकच हालचाल सलग घोटणारे सरावाच्या वेळी पुढे, पण काही दिवसांनी तपासलं तर मिसळून करणारे पुढे.

झोपेबद्दल आपल्या हॉस्टेलात बोलणं म्हणजे पाप. तरी बोलतो. २००२ साली मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी लोकांना बोटांनी ठरावीक क्रमाने कळा दाबायला शिकवल्या. रात्रभर झोपून आलेल्यांचा वेग मधल्या काळात काहीही सराव न करता सुमारे वीस टक्के वाढला. तेवढाच वेळ जागं राहिलेल्यांचा तसा वाढला नाही. तबला म्हणजे बोटांनी ठरावीक क्रमच की. स्पर्धेच्या आदल्या रात्री मी दोन वाजेपर्यंत गादीवर बोटं वाजवत बसलो होतो, हे इथे कबूल करतो.

इथपर्यंत झालं रियाजाचं. पण दडपणाचं काय? हात बसलेला असूनही तो स्टेजवर का उठतो?

त्याचं एक उत्तर असं, की पाठ झालेली गोष्ट आपण विचार न करता करतो. दडपण आलं की डोकं नको तिथे लक्ष घालायला लागतं. जिना उतरताना प्रत्येक पायरीला "आता उजवा, आता डावा" म्हणून बघा, पडाल. दुसरं शरीराचं. अंगात ॲड्रिनॅलिन उसळलं की ठोके वाढतात, तळव्यांना घाम येतो आणि हात नकळत लय चढवतो. त्या दिवशी मला ती गप्प मात्रा खरोखर संपल्यासारखी वाटली होती. हे फक्त आमच्यासारख्यांना होतं असं नाही. व्लादिमिर होरोविट्झ हा विसाव्या शतकातला बडा पियानोवादक १९५३ ते १९६५ अशी बारा वर्षं जाहीर कार्यक्रमांपासून लांब राहिला. हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. परदेशी वाद्यवृंदांमध्ये काही वादक ठोके आवरायला डॉक्टरांकडून गोळी घेतात. दमा असणाऱ्याला ती धोक्याची ठरू शकते, तेव्हा कुणा मित्राने दिली म्हणून तोंडात टाकू नका.

उपाय मला दिसला तो एकच, दडपणाची सवय करायची. २००१ मध्ये सायन बायलॉक आणि थॉमस कार यांनी गोल्फच्या चेंडूवर प्रयोग केला. काही जणांच्या सरावाच्या वेळी समोर व्हिडिओ कॅमेरा लावला होता, म्हणजे आपल्याला कोणीतरी बघतंय ही जाणीव सतत. शेवटी सगळ्यांना दडपणाखाली खेळवलं तेव्हा कॅमेऱ्यासमोर शिकलेले ढासळले नाहीत.

आम्ही कॅमेऱ्याऐवजी बी विंग वापरली. दर गुरुवारी जेवणानंतर कॉमन रूममध्ये बुवा आणि मी बसायचो, आणि पोरांना सूट होती: खोका, ताटं आपटा, मोबाइल वाजवा, मध्येच उठून जा. पोरांनी या कामात जी गुणवत्ता दाखवली ती सबमिशनमध्ये दाखवली असती तर विंगचा निकाल शंभर टक्के लागला असता. छाती धडधडत असताना वाजवायची सवय व्हावी म्हणून मी आधी तिसऱ्या मजल्यापर्यंत दोनदा पळत वर-खाली करायचो आणि धापा टाकत तबल्यावर बसायचो. पहिल्या गुरुवारी तिहाईचं भजं झालं. बुवा हसून हसून आडवा.

हसत असला तरी याच गुरुवारांत त्याच्याशी मोकळं बोलणं झालं. तो म्हणाला, "तू चुकलास त्याचं काही नाही. चुकल्यावर तू माझं ऐकणं बंद केलंस, त्याने मी बुडालो." ते मला वर्कशॉपच्या सरांकडे परत घेऊन गेलं. ते म्हणाले, "भजनात वीस-पंचवीस टाळ असतात, कुणी ना कुणी हुकणारच. पखवाज थांबून चालत नाही. आम्हाला आधी सुटलेली सम पकडायला शिकवलं, बाकीचं नंतर." मग त्यांनी पद्धत सांगितली. हरवलास की उड्या मारायच्या नाहीत. आवाज कमी कर, साधा ठेका धर, बोटांकडे बघू नकोस, गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघ. आमच्या बंदिशीचा मुखडा खालीपासून, नवव्या मात्रेपासून उचलायचा होता. म्हणजे त्याचा पहिला शब्द ऐकू आला की सम आठ मात्रांवर आहे. तेवढा वेळ भरपूर झाला. मग आम्ही चुकायचाच रियाज केला. बुवा मुद्दाम दोन मात्रा आधी यायचा, मी त्याला शोधत जायचो. माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत उपयोगी रियाज हाच, आणि तो कोणी करत नाही. लक्ष बोटांवर न ठेवता बाहेर, आपल्या कामाच्या परिणामावर ठेवलं तर हात चांगला चालतो, असं दाखवणारे प्रयोगही बरेच आहेत. पण मला ते पटलं बुवाच्या तोंडाकडे बघून.

मार्चमध्ये फायनल इयरचा सेंड-ऑफ होता. त्यात आम्ही तीच बंदिश ठेवली. बक्षीस नव्हतं, पण अख्खं कॉलेज समोर, आणि बुवाचे वडील पुन्हा आले होते, पुन्हा पिशवी घेऊन. विंगेत माझे तळवे ओले. पावडर लावली, हातोडीने गजऱ्यावर ठोकून स्वर पुन्हा तपासला, कारण एसी हॉलमध्ये तबल्याचा स्वर बदलू शकतो. २०१४ साली हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी लोकांना कॅरिओकीवर गायला लावलं होतं. गाण्याआधी "मला भीती वाटतेय" म्हणणाऱ्यांपेक्षा "मला मजा येतेय" म्हणणाऱ्यांचे सूर जास्त बरोबर लागले. वाचलं तेव्हा मला हे थोतांड वाटलं होतं. तरी पुटपुटलो, मजा येतेय, मजा येतेय. बुवा म्हणाला, "काय रे, देव आठवतोयस का?"

मजा आली असं म्हणणार नाही. पहिल्या दोन आवर्तनांत उजवा हात थरथरतच होता. बुवाने मान हलवली. तिट कत गदि गन धा, श्वास. तिट कत गदि गन धा, आणि माइकची कर्कश शिटी वाजली, सगळ्या हॉलने कान झाकले. मी बुवाच्या तोंडाकडे बघत होतो. श्वास. तिट कत गदि गन, आणि तो आणि मी एकदम.

पुढच्याच आवर्तनात मी ठेक्यात एक बोल चुकलो. तो कुणाला कळला नाही, सरांना सोडून. ते मागून उभे राहून बोट दाखवत होते.

बुवा आता चाकणला नोकरीला आहे, केटी सुटली. गुरुवार चालू आहेत. जेवणानंतर साडेआठ, बी विंगची कॉमन रूम. गाणारे, वाजवणारे, कविता म्हणणारे आणि सेमिनारची तालीम करणारे, सगळ्यांना प्रवेश. नुसतं ऐकायला येणाऱ्यांनी मेसमधून आपापलं ताट आणि चमचा आणावा, आपटायला.